तीन कर्जांची खोली

खोलीत दोन खाटा होत्या, जमिनीवर एक गादी, तीन उशा, एक आरसा, दोन खुर्च्या, त्यातली एकच बसण्याजोगी, एक छत्री, एक शेगडी आणि तीन शैक्षणिक कर्जं. पातेली चार होती, पण चौथ्याच्या बुडाला टाचणीएवढं भोक होतं. त्यात काही शिजत नसे, म्हणून त्यात पैसे ठेवायचे.

तिघींपैकी एक इस्पितळात नर्स होती. तिला बाकीच्या दोघी सिस्टर म्हणत. दुसरी शाळेत नुकतीच लागलेली, ती बाई. तिसरी रसायनशास्त्र शिकून पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत चिकटली होती आणि चहात दूधसुद्धा मापून ओतायची, म्हणून मापाच्या नळीवरून तिचं नाव पिपेट पडलं. सुरुवातीला तिला याचा राग यायचा. पुढे पुढे कुणी खऱ्या नावाने हाक मारली की कुणाला बोलावताहेत म्हणून तीच मागे वळून बघायची.

गादीची पाळी आठवड्याने बदलायची. गादी आखूड होती. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही तिथे म्हण नव्हती, नियमच होता. सकाळी नळाला पाणी येई तेव्हा सिस्टर रात्रपाळी करून परतलेली असायची, बाई वह्या तपासत पाव चघळत असायची आणि पिपेट केस विंचरता विंचरता आरशातूनच दोघींशी भांडायची. भांडण बहुतेक वेळा छत्रीवरून व्हायचं.

पगार तिघींचेही हातातोंडाची गाठ घालणारे. प्रत्येकीचा हप्ता वेगळा जायचा, आणि हप्ता भरूनही मुद्दल तसूभर हलत नसे. सगळं व्याज गिळायचं. एका रविवारी पिपेटने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गणित मांडलं. प्रत्येकीने आपल्या कर्जाचा कमीत कमी हप्ता भरायचा. वर जे काही उरेल ते एकत्र करायचं आणि ज्या कर्जाचा व्याजदर सगळ्यात जास्त, त्याच्यावर घालायचं. ते संपलं की दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. सिस्टरने खाजगी कंपनीकडून कर्ज घेतलं होतं, तिचा दर कंबरडं मोडणारा. मग बाईचा. पिपेटचं कर्ज सरकारी, दर सगळ्यात कमी, म्हणून ती सगळ्यात शेवटी.

"म्हणजे ज्याला जास्त ताप त्याला आधी बघायचं," सिस्टर म्हणाली. "हे आम्हाला पहिल्या वर्षालाच शिकवतात. तुला त्यासाठी कॅलेंडर लागलं?"

नियम मात्र बाईने घातला. पातेल्यात कोण किती टाकतं ते बघायचं नाही, विचारायचं नाही, लिहायचं तर मुळीच नाही. भांड्यात पडलं ते भांड्याचं. पाच तारखेला एकेकीने पैसे टाकायचे आणि तोवर बाकीच्या दोघींनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. पिपेटला हे फार जड गेलं. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, असं तिला शिकवलं गेलं होतं. पण ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्या भिंतीवरचा ओलीचा डाग तिला अजून पाठ आहे. खाली रुंद, वर निमुळता, उलट्या धरलेल्या नरसाळ्यासारखा. एकत्र झालेली रक्कम बँकेत भरायचं काम तिचं. महिन्याची एकूण बेरीज तेवढी तिला ठाऊक असायची.

पोटाला चिमटे काढत तिघींनी सिस्टरचं कर्ज संपवलं. त्या दिवशी तिघींनी मिळून एक छत्री विकत घेतली. मग बाईच्या कर्जावर तिघी तुटून पडल्या. बाईचं लग्न ठरलं होतं, पण नव्या घरात जुनं कर्ज घेऊन जायचं नाही, असा तिचा हट्ट. तिने लग्न वर्षभर पुढे ढकललं. होणारा नवरा समजूतदार होता. सासू तेवढी नव्हती. ते वर्ष बाईने कसं काढलं हे खोलीतल्या दोघींनाच माहीत.

बाईचंही कर्ज फिटलं आणि मग खोली मोडली. बाई लग्न होऊन बसने दोन तासांवर गेली, सिस्टरला दुसऱ्या शहरात मोठ्या इस्पितळात नोकरी लागली, आणि पिपेटने एकटीपुरती जागा बघितली. आता पाळी तिच्या कर्जाची होती. पातेलं घरमालकिणीने भंगारात काढलं, पण पाच तारीख राहिली. दोघी न चुकता पैसे पाठवायच्या आणि फोन करायच्या. "भांड्यात टाकले गं," एवढं सांगायला फोन, आणि मग शेगडीवर ठेवलेलं करपेपर्यंत बोलणं.

अशातच सरकारने जाहीर केलं की ज्यांची शैक्षणिक कर्जं बाकी आहेत त्यांची उरलेली रक्कम माफ होणार. महिनाअखेरपर्यंत अर्ज करायचा. ज्यांनी फेडली आहेत त्यांना काही नाही.

प्रयोगशाळेत दोन तट पडले. थोरले साहेब रात्री टॅक्सी चालवून कर्ज फेडलेले. ते म्हणाले, आम्ही काय खुळे होतो म्हणून फेडलं? ज्यांची मुलं कॉलेजात होती ते म्हणाले, तुमचे पाय भाजले म्हणून पोरांनीही निखाऱ्यावरूनच चालायचं का? पिपेटला दोन्ही बाजूंचं पटत होतं, आणि दोन्ही बाजू पटल्या की तिला झोप लागत नसे.

तिच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. आपलं कर्ज माफ झालं, तर दोघींनी आपल्यासाठी वर्षभर पाठवलेल्या पैशांचं काय? आणि आपण त्यांच्या कर्जावर जे घातलं त्याचं? कुणाचं कुणाकडे काय निघतं? तीन संध्याकाळी बसून तिने तक्ता केला. खोलीतल्या वर्षांचे आकडे नव्हते, तर त्या वेळच्या पगारांवरून अंदाज बांधले. बाई, पगाराच्या बारा टक्के. सिस्टर, चौदा. शेवटी दोघींना किती परत करायचे ते निघालं. मोठ्या समाधानाने तिने तक्ता दोघींना पाठवला.

सिस्टरचा लगेच फोन आला. ती आधी पोटभर हसली, मग म्हणाली, वेडी आहेस, आधी अर्ज कर. बाईचं उत्तर आलं नाही. पाच तारीख आली. सिस्टरने नुसताच फोन केला. बाईचा फोनही आला नाही.

पिपेटने अर्ज भरून ठेवला, पण पाठवला नाही. माफ न करून घेता एकटीनेच सगळं फेडलं, तर बाईचा राग जाईल का, याचाही तिने विचार केला. कर्जाची तिला सवय होती. बाई नसण्याची नव्हती.

महिना संपायला चार दिवस असताना बाई प्रयोगशाळेच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. खांद्याला पाण्याने भरलेला थर्मास, हातात शाळेच्या मुख्याध्यापकांची चिठ्ठी. शाळेत नवीन बोअर मारलंय, मुलं पाणी खारट लागतं म्हणून तक्रार करताहेत, म्हणाली. नमुना द्यायला शिपाईही येऊ शकला असता, हे दोघींनाही माहीत होतं.

पिपेटने तिला आत घेतलं. स्टुलावर बसवलं, थर्मासातलं पाणी बाटलीत ओतून बाटलीला नमुन्याची चिठ्ठी डकवली आणि मापून पाणी शंकूच्या आकाराच्या चंबूत घेतलं. त्यात खारटपणा तपासायचा पिवळा थेंब टाकला. मग ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली मापाची उभी नळी, भरायला घेतली.

"बारा टक्के," बाई म्हणाली. "कुठून काढलेस गं?"

"पगारावरून. अंदाज."

"मी काही महिने काहीच टाकलं नव्हतं."

पिपेटचा हात ब्युरेटच्या तोटीवर थांबला.

"घरी भावाच्या फीला पाठवत होते. तुम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून उभ्या, आणि मी नुसतं पातेलं वाजवायचे. नियम कशासाठी घातला होता असं वाटलं तुला? हौस म्हणून?"

पिपेटला महिन्यांच्या बेरजा तोंडपाठ होत्या. मान खाली घालून तिने त्या एकेक आठवून पाहिल्या. एकही महिना कमी भरला नव्हता.

"पण रक्कम कधीच..."

"सिस्टर," बाई म्हणाली. "मी एक अक्षर बोलले नव्हते. नाडी बघायची बहुतेक. आणि तू त्या तक्त्यात तिला चौदा टक्क्यांवर बसवलंस."

बाहेर कुणीतरी काचेची भांडी धूत होतं. बाईने पदराने चष्मा पुसला. माफीचाही राग आला होता, असं तिने मग आपणहून सांगितलं. पिपेटचा नाही, कुणाचा ते नीट सांगता येईना. पैसे गेले त्याचं काही नव्हतं. ते वर्ष गेलं होतं, सासूने ऐकवलेल्या सगळ्यासकट. ते कोण माफ करणार, आणि तक्त्यातल्या कुठल्या रकान्यात ते बसणार?

"नाही बसत," पिपेट म्हणाली. "माझ्या परीक्षेच्या वेळी तू ओळीने तीन महिने गादीवर झोपलीस, तेही नाही बसत."

"तुझ्या घोरण्यापासून लांब म्हणून झोपले गं."

दोघी हसल्या, आणि हसता हसता बाईचं नाक वाहायला लागलं. पिपेटने तिला गाळणीचा कागद दिला; रुमाल म्हणून तो अगदीच खरखरीत. बाईने त्याच्याकडे बघितलं, आणि खोलीत पहिल्या महिन्यात साबणाऐवजी कपडे धुण्याची पूड वापरून तिघींच्या हातांची कशी सालटं निघाली होती, ते तिने सांगायला घेतलं. पिपेटला ते माहीत होतं. तरी तिने सगळं ऐकलं.

"अर्ज कर," बाई शेवटी म्हणाली. "मिळतंय ते घे. आणि तो तक्ता फाड."

पिपेटने फोन काढला, बाईच्या देखत अर्ज पाठवला आणि मग तक्ता पुसला. बाई तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती, मुलाची वही बघावी तशी.

मग पिपेट पुन्हा ब्युरेटकडे वळली. थेंबाथेंबाने सोडत राहिली. चंबूतलं पिवळं पाणी विटेच्या रंगाकडे झुकलं आणि तिथेच टिकलं. तिने तोटी बंद केली, डोळा रेषेच्या पातळीत आणून आकडा वाचला, एकदा पडताळला आणि नमुन्यासमोर लिहिला.

क्लोराइड, लिटरला दोनशे अकरा मिलिग्रॅम. मर्यादा, अडीचशे.