उजेडाचा आकडा

पहिला दगड खांबावर आपटून कुंपणात पडला. वर तीन वाट्या आपल्या फिरतच राहिल्या. दुसरा दगड मात्र नेमका लागला. एक वाटी चेपली आणि चक्र खरडत, अडखळत फिरू लागलं. खाली जमलेल्या पंचवीस-तीस जणांनी शर्यत जिंकल्यासारखी आरोळी ठोकली.

"थांबा रं! आरं, ही पवनचक्की न्हाई!" कुंपणाच्या आत उभा राहून नाथाजी ओरडत होता. "ह्येनं वारा मोजत्यात नुस्ता!"

"मोजून काय लोणचं घालायचं हाय व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. त्या हशात मजा नव्हती.

बोरमाळ हे गाव म्हसवडपासून अकरा किलोमीटरवर, उघड्या माळावर. समोरच्या डोंगराच्या धारेवर पवनचक्क्या आल्या तेव्हापासून गावाचा एक समज पक्का झालेला: ही पाती फिरतात आणि ढग पुढं हाकलतात. पाच आठवडे पावसाचा टिपूस नव्हता. गेले तीन दिवस तर संध्याकाळी पश्चिमेकडून काळं भरून यायचं, गावाच्या डोक्यावर यायचं आणि फाटून जायचं. उभी बाजरी करपली होती. पवनचक्क्यांना तारेचं कुंपण होतं, राखणीला माणसं होती. गावाच्या हाताशी होतं ते हे एवढंसं भिरभिरं, एकोणीस महिन्यांपूर्वी शाळेमागच्या पटांगणात बसवलेलं हवामानाचं यंत्र. त्याला राखायला एकटा नाथाजी.

तार तोडून लोक आत शिरले तेव्हा नाथाजीनं फावडं उचललं. पहिल्या माणसाच्या पोटरीवर ते बसलं, माणूस बोंबलत खाली बसला. दुसऱ्यानं फावडं धरून ओढलं, तिसऱ्यानं पाठीत लाथ घातली. नाथाजी तोंडावर आपटला. तोंडात माती आणि रक्त एकदमच आलं. तसाच तो गुडघ्यांवर रांगत खांबाशी गेला आणि त्याला मिठी मारून बसला.

"नाना, सोड."

आवाज ओळखीचा होता. नाथाजीनं वर पाहिलं. पहार घेऊन उदयसिंह उभा होता, धाकट्या भावाचा, भाऊसोचा मुलगा. वय एकवीस. महिन्यापूर्वीच सैन्यात भरती झालेला. आजपासून बाराव्या दिवशी त्याला हजर व्हायचं होतं. मावळतीचं ऊन त्याच्या डाव्या गालावर पडलं होतं आणि कपाळावरची शीर उडताना नाथाजीला स्पष्ट दिसत होती.

"तू जा घरी, उदय. तुजं ह्यात काय काम न्हाई."

"आमची बाजरी जळली, नाना. सोड म्हणतो न्हवं!"

"न्हाई सोडत."

पहार खाली आली. ती खांबावर मारली होती की हातावर, हे नाथाजीला पुढं कधीच ठरवता आलं नाही. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज त्याला आधी आला, कळ मागून आली. हात सुटला. मग चौघांनी मिळून खांब आडवा केला, पेटी दगडांनी ठेचली, सोलरच्या पाटीवर नाचले. शेजारच्या जुन्या पर्जन्यमापकाचं नरसाळं कुणीतरी लाथेनं उडवलं. तो पर्जन्यमापक नाथाजी एकोणतीस वर्षं वाचत आला होता.

नाथाजीची पिठाची गिरणी होती. रोज सकाळी साडेआठला गिरणी बंद ठेवून तो पटांगणात जायचा, पर्जन्यमापकातल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचा, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि वहीत आकडा लिहायचा. पाऊस नसला तर शून्य. रेघ मारणं त्याला चालत नसे. "शून्य म्हंजे बघितलं आन पाऊस नव्हता," तो सांगायचा. "रेघ म्हंजे कुणी बघितलंच न्हाई." सख्ख्या मुलीच्या लग्नादिवशीही तो हळदीच्या अंगानं माप बघायला गेला होता.

एका दुष्काळात गावच्या कारभाऱ्यांनी त्याला बोलावून घेतलं. आकडा थोडा खाली दाखवला तर तालुका दुष्काळी यादीत बसत होता. "चौदा मिलिमीटरचा तर सवाल हाय, नाथा," ते म्हणाले. नाथाजीनं आकडा हलवला नाही. त्या आठवड्यात त्याची कडब्याची गंजी पेटली. विझवायला शेजारचाही कुणी आला नाही, सगळे आपापल्या दारात उभं राहून जाळ बघत होते. वर्षभर दळण शेजारच्या गावात जात राहिलं. नाथाजी रोज साडेआठला पटांगणात जात राहिला.

म्हणून तर हवामान खात्याच्या अपूर्वा मॅडमनी नवं यंत्र बोरमाळला आणलं. वाईकडची, विज्ञान शिकलेली, जेमतेम तिशीची ही बाई पहिल्या दिवशी त्याच्या वह्या उलटून बघत तासभर बसली होती. मग म्हणाली होती, "काका, या भागात एवढी सलग नोंद दुसरीकडे नाही. कालव्याला पाणी किती धरायचं, कुठलं बियाणं सुचवायचं, पूर आला तर इशारा कधी द्यायचा, हे ठरवताना असे आकडे लागतात. दोन वर्षं यंत्र आणि तुम्ही शेजारी शेजारी मोजा. यंत्र बरोबर आहे की नाही, ते तुमच्या आकड्यावरून ठरेल."

यंत्र आपल्यावरून तपासलं जाणार, ही गोष्ट नाथाजीनं धोंडुबाईला, म्हणजे बायकोला, तीनदा सांगितली होती.

दवाखान्यात हात प्लास्टरमध्ये घातला. ओठाला चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदार जबाब घ्यायला आला, पण त्याच्या आधी भाऊसो येऊन गेला. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, बसला नाही.

"दादा, नाव घेतलंस तर त्याची भरती गेली. गुन्हा दाखल झाल्याला पोरगा घेत न्हाईत."

"त्यानं माजा हात मोडलाय, भाऊसो."

"माजा मोड दुसरा. हितंच मोड." भाऊसोनं खरोखरच हात पुढं केला. "तीन वर्सं पळतोय पोरगा रोज पहाटं. दुसरं काय हाय आमच्याकडं?"

नाथाजी भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

हवालदार चांगला माणूस होता. त्यानं खुर्ची ओढली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"कोण कोण होतं, आजोबा?"

"लय माणसं हुती."

"ती झाली गर्दी. पहार कुणाच्या हातात होती?"

खाटेशेजारी धोंडुबाई उभी होती. तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला.

"अंधार पडला हुता, साहेब," नाथाजी म्हणाला. "तोंडं दिसली न्हाईत."

हवालदारानं तसंच लिहून घेतलं. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून नाथाजीनं डाव्या अंगठ्याचा ठसा उठवला. हवालदार गेल्यावर धोंडुबाई बराच वेळ पाण्याचा तांब्या पुसत राहिली.

"गावासाठी चौदा मिलिमीटर हलीवलं न्हाईसा," ती म्हणाली. "गंजी जळू दिलीसा. वरीसभर मला हळदीकुकवाला कुणी बोलीवलं न्हाई, त्येबी सोसलं मी."

"मग काय करू? नाव घीऊ त्याचं?"

"तसं कुटं म्हन्ले मी." तिनं तांब्या ठेवला. "सांगितलं आपलं."

सहाव्या दिवशी अपूर्वा घरी आली. ठेचलेली पेटी तिनं आधीच नेली होती. आज तिच्या हातात एक छापलेला कागद होता. ती ओसरीवर खालीच बसली.

"पेटीच्या आतली, आकडे साठवायची चकती शाबूत राहिली, काका. सगळे आकडे मिळाले. दर पंधरा मिनिटांना नोंद आहे. शेवटची सव्वासहाची."

"बरं झालं."

"वाऱ्याची आहे, दमटपणाची आहे..." तिनं कागद पुढं केला. "उजेडाची पण आहे. तो आकडा चांगला मोठा आहे. ढग पांगले होते, उन्हं होती."

नाथाजीनं कागद डाव्या हातात घेतला. ओळ त्याला लगेच सापडली. सव्वासहा, त्यापुढं उजेड. त्याखाली कोरा कागद.

"मी तुमचा जबाब वाचला. पहार कुणाच्या हातात होती, तेही गावात ऐकलं," ती हळू म्हणाली. "पोलिसांनी हे मागितलेलं नाही. मागितलं तर मला द्यावं लागेल. आपण होऊन मी देणार नाही."

"तुमचा आकडा बरोबर हाय," नाथाजी म्हणाला. "माजा चुकलाय."

तो उठून आत गेला आणि वह्यांचा गठ्ठा काखेत धरून बाहेर आला. काचेचं माप धोंडुबाईच्या हातात होतं. त्यानं वह्या अपूर्वासमोर ठेवल्या आणि मापही ठेवायला लावलं.

"हितनं फुडं माजा आकडा धरू नगा."

"काका, काहीतरीच काय! घरातल्या मुलासाठी दिलेला जबाब वेगळा आणि पाऊस वेगळा."

"माणूस येकच हाय की, मॅडम." टाक्यांमुळं त्याला नीट बोलता येत नव्हतं. "तुमी यंतर कशावर तपासनार? माज्यावर. आन मी सपस्ट उन्हात बघितल्यालं सांगितलं न्हाई. उद्या भाऊसोच्या शेतासाठी येक मिलिमीटर हलंल. न्हाई हलनार, पर हलंल असं कुनालाबी वाटंल. मलाबी वाटंल."

अपूर्वानं वह्या जवळ ओढल्या, उघडल्या मात्र नाहीत.

"मागच्या एकोणतीस वर्षांचं काय?"

"ती खरी हायत. त्येवडी घ्या."

निघायच्या आदल्या दिवशी उदयसिंह पाया पडायला आला. केस बारीक कापलेले, पायात नवे बूट. तो वाकला, सरळ झाला, आणि नाथाजीनं डाव्या हातानं त्याच्या कानफटात अशी ठेवून दिली की तो दाराच्या चौकटीवर जाऊन आदळला. ओठ फुटला. भाऊसो अंगणातून धावत आला आणि पायरीवरच थबकला. उदयसिंहानं गालाला हात लावला नाही. तो पुन्हा पुढं आला आणि पुन्हा वाकला. या वेळी नाथाजीनं हात उचलला नाही. डोक्यावरही ठेवला नाही.

"जा," तो म्हणाला. "वेळंत पोच."

पटांगणात पर्जन्यमापकाला नवं नरसाळं बसलं. रोज साडेआठला हजर राहील असं दुसरं कुणी मिळेना, तेव्हा अपूर्वानं धोंडुबाईला शिकवलं. पहिल्या सकाळी बाटलीत थोडं पाणी होतं. रात्री केव्हातरी भुरभुर झाली होती, बाजरीला कामाची नव्हतीच. धोंडुबाईनं ते मापात ओतलं, दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरलं. नाथाजी तारेच्या बाहेर उभा होता.

"आवं, ही रेघ का त्याच्या वरची? ह्या दोनीच्या मधी दिसतंय."

एवढ्या अंतरावरूनही तिनं माप किंचित तिरकं धरलंय हे नाथाजीला कळत होतं. त्यानं तोंड फिरवलं.

"मला ईचारू नगंस," तो म्हणाला. "तुला दिसतंय त्येवडं लिव."

पाठीमागं वहीचं पान उलटल्याचं आणि मग पेन्सिल खरडल्याचं त्याला ऐकू आलं.