सरकारी पाणी

शरच्चंद्र ठोंबरे त्या सोमवारी कचेरीत आला तेव्हा मृत्यूंचं रजिस्टर सहीसाठी टेबलावर उघडून ठेवलं होतं. एरवी असल्या सह्या तो चहा पिता पिता उरकून टाकी. अंबाखेडी गाव ते केवढं. इंदूरहून मोटारीनं दीड तास. महिन्याकाठी चार-पाच म्हातारी माणसं जायची. आज मात्र गुरुवारपासूनची नऊ नावं होती. कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द होता, हैजा, म्हणजे पटकी.

होळकरांचं राज्य मध्य भारतात विलीन झालं तेव्हा शरच्चंद्र इंदूरच्या एका कचेरीत कारकून होता. नव्या सरकारनं त्याला इथल्या नगरपालिकेचा सेक्रेटरी करून पाठवलं. बायको कुमुदिनी इंदूरला छत्रीबागेतच राहिली, कारण तिची शाळेतली नोकरी. हा शनिवारी घरी जायचा, सोमवारी परतायचा. गाव चालवायचं म्हणजे दिवाबत्ती, झाडझूड, कोंडवाड्यातली मोकाट गुरं आणि अध्यक्ष प्रतापरावांची मर्जी. दोन वर्षांत त्याला नीट झोप अशी इथं लागली नव्हती. काहीतरी आपल्या हातून राहून जातंय, असं त्याला सारखं वाटायचं.

त्यानं रजिस्टर पुन्हा वरून खाली वाचलं. मग मोठ्या कारकुनांना हाक मारली.

"शंकरराव, ही नऊच्या नऊ माणसं बाजारातल्या विहिरीभोवतीच्या गल्ल्यांतली आहेत."

शंकररावांनी चष्मा वर केला. "हां साहेब. अर्धं गाव तिथलंच पाणी पितं."

"आणि बलाई मोहल्ल्यात एकही नाही."

"त्यांची विहीर वेगळी. अस्पृश्य माणसं, त्यांना इथं कोण भरू देतंय?"

शरच्चंद्र तसाच उठला आणि विहिरीवर गेला. मागच्या बाजूला गटाराची दगडी कड फुटली होती आणि काळं पाणी विहिरीच्या भिंतीत मुरत होतं. त्या फुटक्या गटाराचा अर्ज फाल्गुनातच आला होता. त्यावर 'पाहू' असा शेरा होता, आणि तो त्याच्याच हातचा होता.

तिथून तो वाड्यावर गेला तेव्हा प्रतापराव ओसरीवर दाढी करून घेत होते. त्यांचे आजोबा होळकरांच्या फौजेत होते आणि गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. माणूस दिलदार होता. दोन आजारी कुटुंबं त्यांनी स्वतःच्या बैलगाडीतून इंदूरच्या दवाखान्यात पोचवली होती.

"विहीर बंद? आणि गुरुवारच्या हाटाला चार हजार माणूस येतं ते काय पिणार, सेक्रेटरीजी? लाल दवा टाका, काम खतम."

"गटार आतून झिरपतंय. दवेनं नाही भागायचं."

"लोक बोंबलतील."

"बोंबलू देत. जिवंत माणसंच बोंबलतात."

प्रतापरावांनी न्हाव्याचा हात थांबवला आणि शरच्चंद्रकडे नीट पाहिलं. "जे करायचं ते करा. पण पाणी तुम्ही द्यायचं. प्यासा एक माणूस माझ्या दारात आला, तर मी तुमच्याकडे पाठवीन."

दुपारपर्यंत शरच्चंद्रनं विहिरीवरच्या सगळ्या कप्प्या काढून कचेरीत आणवल्या आणि काठाला काट्यांचं कुंपण घातलं. इंदूरला फोन करायला तो ठाण्यावर गेला, कारण गावात फोन तिथंच. लस टोचणारे दोन दिवसांनी येणार होते. पाणी मात्र संध्याकाळीच हवं होतं.

नाल्यापलीकडे, चढावर, बलाई मोहल्ल्याची विहीर होती. तिच्या काठावर धापूबाई बसली होती. ही विहीर तिच्या सासऱ्यानं आणि त्याच्या भावांनी खडक फोडून खणली होती. आता तिथला शब्द तिचाच. शरच्चंद्रनं गावासाठी पाणी मागितलं. तिनं बादली शेंदली आणि त्याच्यासमोर ठेवली. त्याला कळलं, ती काय बघतेय. तो खाली बसला आणि ओंजळीनं पाणी प्याला. थंडगार होतं आणि चव गोड होती.

"लेई जाओ साब," ती म्हणाली. "पाणी को कइं मोल?"

नगरपालिकेची रस्त्यावर पाणी शिंपडायची गाडी घासूनपुसून धुतली, भरली. ती बाजारात न्यायच्या आधी शंकररावांनी हलक्या आवाजात विचारलं, "लोक विचारतील, कुठलं पाणी? काय सांगू?"

शरच्चंद्रनं विचार केला. खरं सांगितलं तर संध्याकाळी कुंपण उपटून लोक पुन्हा त्याच विहिरीवर जातील.

"सांगा, सरकारी पाणी आहे."

चार दिवस गाडी फिरली. पाचव्या दिवशी रजिस्टरमध्ये एकही नाव चढलं नाही. लोक रस्त्यात थांबवून हात जोडायचे. "कमाल केली साहेब! पाणी पण काय मीठं आहे!" प्रत्येक वेळी शरच्चंद्रला अंगावर किडा चढल्यासारखं व्हायचं. तो मान हलवून पुढं निघायचा.

शनिवारी दुपारी धापूबाई कचेरीत आली. पायरीखालीच उभी राहिली. उन्हानं चेहरा रापला होता, पण डोळे त्यापेक्षा लाल होते. सरपण विकायला ती बाजारात गेली होती. तहान लागली म्हणून गाडीपाशी गेली, तर रांगेतल्या बायकांनी गलका केला आणि गाडीवाल्यानं चाबूक दाखवून तिला हाकललं.

"म्हारा कुवा को पाणी, साब. ने म्हारे ज नी मिल्यो."

तो खुर्चीतून उठला. तिच्याच विहिरीचं पाणी, आणि तिलाच मिळालं नव्हतं. "मी गाडीवाल्याला समज देतो," एवढंच तो म्हणाला. ती पायरीखालूनच निघून गेली. तिनं विहीर बंद केली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. पण संध्याकाळी गाडी नेहमीसारखी भरून आली.

इंदूरला घरी त्याला घास जाईना. कुमुदिनीनं ताट बाजूला सारलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही तिथलं पाणी प्यालात?"

"प्यालो."

"मग सांगायला भीती कसली वाटते?"

"माझी नाही गं. लोक प्यायचं थांबतील. एक जरी मेला तरी माझ्यामुळे."

"आणि नाही सांगितलंत तर?"

"पंधरा दिवसांत बाजारची विहीर साफ होईल, गाडी बंद होईल. मग सांगून उपयोग काय? ती बाई तहानलेली हाकलली गेली, तीच गोष्ट आयुष्यभर राहील."

 रविवारी तो दिवसभर घरात या खोलीतून त्या खोलीत करत राहिला, तेव्हा कुमुदिनी एवढंच म्हणाली, "बसा तरी. नाहीतर जा आणि जे करायचं ते करून या."

बुधवारी नगरपालिकेची सभा होती. ठराव शंकररावांच्या अक्षरात तयार होता. हैजाच्या संकटात अध्यक्ष प्रतापराव यांनी आपल्या बागेतल्या विहिरीचं पाणी गावाला दिल्याबद्दल त्यांचे आभार. बागेची विहीर कुणाच्या डोक्यातून निघाली, देव जाणे. प्रतापराव स्वतः गोंधळलेले दिसले, पण नाही म्हणाले नाहीत. ठराव वाचून दाखवायचं काम सेक्रेटरीचं. शरच्चंद्र उभा राहिला आणि अर्ध्यावर थांबला.

"हे खरं नाही. पाणी बलाई मोहल्ल्यातल्या विहिरीचं आहे. धापूबाईनं दिलं. नऊ दिवस आपण सगळे तेच पितोय. मीही."

 एकदमच गलका उठला. एक सभासद तोंडावर पंचा धरून बाहेर पळाला, दुसरा ओरडला, "धरम भ्रष्ट केला आमचा!" प्रतापराव टेबलावर हात आपटून म्हणाले, "सेक्रेटरीजी, हे सभेच्या वहीत लिहू नका."

"लिहिलं."

"खोडा."

"मी नाही खोडणार. सही तुमची हवी, ती करू नका वाटल्यास."

त्या संध्याकाळी गाडी भरलेली आली आणि जवळजवळ भरलेलीच परत गेली. काही घरांत गोमूत्र शिंपडलं. काही जण तळ्यावर गेले. तिथलं पाणी हिरवं होतं, पण कुणी शिवलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुताराच्या लक्ष्मीनं घागर आणली. तिचा नवरा नुकताच उठून बसला होता, आणि तिला कुणाच्या बोलण्याची पर्वा नव्हती. तिच्यामागं आणखी सात-आठ घरं आली. बाकी गाव खिडकीतून बघत राहिलं.

शनिवारी रजिस्टरमध्ये दोन नावं चढली. संताजी कासार आणि त्याची म्हातारी आई. दोघं तळ्याचं पाणी प्याले होते, असं कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, ते आधीपासूनच आजारी होते. शरच्चंद्रनं चार जणांना विचारलं, चार उत्तरं मिळाली. त्यानं रजिस्टरवर सही केली.

बाजारची विहीर उपसून, चुना टाकून, गटाराची कड बांधून दहा दिवसांत सुरू झाली. त्याच आठवड्यात बदलीचा हुकूम आला.

मोटार निघायच्या वेळी प्रतापराव स्वतः अड्ड्यावर आले. सामान त्यांनीच वर चढवायला लावलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "भिया, भाऊ म्हणून सांगतो, तुम्ही सांगितलंत त्या दिवशी मी घरी गेलो आणि घागरभर पाणी ओतून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागवलं. घरात फक्त मालकिणीला ठाऊक आहे."

"मग सभेत का नाही बोललात?"

प्रतापरावांनी विषय बदलला. "संताजीचं तुम्हाला लागून राहिलंय ना?"

शरच्चंद्र मोटारीत चढून बसला. मोटार सुरू झाली. नाल्यापलीकडच्या चढावर ती हळू झाली, तेव्हा विहिरीवर चार-पाच बायका दिसल्या. त्यात एक सुताराची लक्ष्मी होती. ती काठापासून दोन हात दूर उभी होती, आणि धापूबाई तिच्या घागरीत वरून पाणी ओतत होती. थांबवा म्हणून सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं. पण ड्रायव्हरनं गियर बदलला. शरच्चंद्र उठून मागच्या खिडकीपाशी गेला, पुन्हा जागेवर आला, पुन्हा उठला. शेजारचा माणूस म्हणाला, "बैठ जाओ ना बाबूजी, इंदूर अभी दूर है."