उन्हात वाळवलेले सेल

"पडला! पडला!" अशी एकच आरोळी उठली आणि बमरोलीतल्या त्या यंत्रमागाच्या खात्यात दाटीवाटीनं बसलेली दीडशे माणसं हात जोडून पुढं वाकली.

समोर पाटावर रंगखात्यातला सुकलाल डोळे मिचकावत उभा होता. त्याच्या अंगावर नुकताच असा लख्ख पांढरा उजेड पडला होता, की मागच्या भिंतीवर त्याची काळीकुट्ट सावली उमटून गेली. वर्षभर सुकलालची पाठ दुखत होती. आता तो कमरेवर हात ठेवून, ती खरंच थांबली की काय, याचा अंदाज घेत होता. त्याची बायको मात्र अंदाजाबिंदाजाच्या भानगडीत न पडता सरळ रडत होती.

"जोयुं? जोयुं के नहीं?" प्रकाशबाबा गरजले. "आ उजाळो कोनो छे? मेरा नहीं! मशीन का नहीं! ऊपरवाले का है! ज्याचं अंग साफ, त्याच्यावर उजेड. ज्याच्या अंगात बाधा, त्याच्यापुढं अंधार. इसमें बाबा क्या करेगा? बाबा तो खाली टपालवाला है!"

गुजरातीनं सुरुवात, हिंदीचा तडका आणि मध्ये मराठीचा घास, असं बाबाचं बोलणं असे. सुरतेत पोट भरायला आलेल्या प्रत्येकाला त्यातलं थोडं कळे, आणि न कळलेलं देवाच्या खात्यावर जमा होई.

रविवारी माग बंद असत. खिडक्यांना गोणपाट लावून आत अंधार केलेला असे. एकेक जण पाटावर उभा राही. समोर कॅमेरा घेऊन हिलाल फोटोवाला. कॅमेऱ्याच्या बाजूला दमणकडून आलेला जपानी फ्लॅश. बाबा हिलालच्या मागं उभे राहून त्याच्या खांद्यावर हात ठेवत, मंत्र म्हणत, आणि "आव, ज्योत, आव!" असं ओरडत. त्यासरशी हिलालनं बटण दाबायचं. उजेड पडला तर माणूस सुटला. नाही पडला तर बाधा.

खांद्यावरच्या त्या हातामुळं लोक हिलाललाही नमस्कार करू लागले होते. त्याला तो हात नुसता जड वाटे. आठवडाभर रेशनकार्डाचे आणि गिरणीच्या पासाचे फोटो काढून त्याचे डोळे आंबलेले असत. पंचेचाळिशीतच तो साठीचा दिसायला लागला होता. बाबाच्या पाटावरून सुटलेली माणसं दुसऱ्या दिवशी त्याच्या 'गिरणा फोटो स्टुडिओ'त येऊन हौसेनं फोटो काढून घेत. त्यामुळं दाब म्हटलं की दाबायचं, जास्त विचार करायचा नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

"पुढं कोण?"

सुंदरा पाटावर चढली. लोटूची बायको, खात्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी. हिवाळ्यात तिच्या जावेचं, शोभाबाईचं, सहा महिन्यांचं पोर हगवणीनं गेलं. त्याला जाण्याआधीची शेवटची आंघोळ सुंदरानं घातली होती. एवढ्यावरून आधी कुजबुज, मग बोलणं आणि शेवटी सासू रंभाबाई तिला बाबापुढं घेऊन आली. मागच्या रविवारी तिच्यावर उजेड पडला नव्हता.

बाबानं मंत्र म्हटला. "आव, ज्योत, आव!"

हिलालनं बटण दाबलं. टक. काहीच नाही.

खात्यातून भीतीचा एक सुस्कारा गेला. पुढं बसलेल्या बायकांनी आपापली पोरं पदराखाली ओढली. सुंदराची तीन वर्षांची आनंदी आजीच्या मांडीवरून "माय" म्हणून हाका मारायला लागली, तर रंभाबाईनं तिचं तोंड दाबलं.

"दोन वेळा अंधार," बाबा हळू आवाजात म्हणाले. "तिसऱ्या रविवारीही अंधार पडला, तर ही बाई या घरात नको. पोरगी आजीजवळ राहील. हिला गावी पाठवा. नहीं तो घर में एक भी बच्चा नहीं बचेगा."

लोटू खाली मान घालून बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

सोमवारी दुपारी सुंदरा स्टुडिओत आली, तेव्हा हिलाल मागच्या पडवीच्या पत्र्यावर सेल उलटे करत होता. तसं त्या वस्तीत सगळेच करत. बॅटरीचे, ट्रान्झिस्टरचे सेल संपले की पत्र्यावर बिबड्यांच्या, ज्वारीच्या पापडांच्या, शेजारी उन्हात मांडायचे. दोन दिवस ऊन खाल्लं की ते पुन्हा थोडे चालत. नवे सेल घेणारा माणूस बमरोलीत उधळा समजला जाई.

"हिलालभाऊ, एक इचारू का?" सुंदरानं आपल्या अहिराणीत विचारलं.

"विचार ना, बाई."

"मी कांड्या भरस. एक कांडी भराले किती येळ, ते मी मोजत ऱ्हास, तशी सवय शे माले. काल सुकलालभाऊना येळले बाबानी मंतर तीनदाव म्हना. मना येळले एकच दाव. आन लगेच आव म्हना. मागला रविवारलेबी तसंच. तुम्ले ठाऊक शे. खरं सांगा. मनी पोर मनाजवळथून तोडतीन ते."

हिलाल पत्र्यावरून खाली उतरला. हातातले सेल त्यानं टेबलावर ठेवले. मला सगळं माहीत होतं असं म्हणणं खोटं झालं असतं. काहीच माहीत नव्हतं असं म्हणणं त्याहून खोटं. फ्लॅश का पेटला नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते बाबालाही ठाऊक आहे, हे मात्र त्यानं कधी मनात येऊ दिलं नव्हतं.

"हे बघ," तो म्हणाला. "या मशीनच्या पोटात विजेचा एक हंडा आहे असं समज. सेल म्हणजे नळ. बटण दाबलं की हंडा एका झटक्यात रिकामा होतो, तोच उजेड. मग तो पुन्हा भरायला वेळ लागतो. नळाला जोर असेल तर चटकन भरतो. माझे सेल असे उन्हात वाळवलेले. नळाला धार कुठली, नुसते थेंब. भरेपर्यंत कितीही बटण दाब, काही व्हायचं नाही."

"आन भरना ते कसं कळस?"

त्यानं फ्लॅश फिरवून पाठीमागचा बारीकसा दिवा दाखवला. "हा लाल पेटतो." आणि बोलता बोलताच त्यानं त्या दिव्याकडं पुन्हा बघितलं. दिवा फ्लॅशच्या पाठीला होता. समोरच्या माणसाला तो दिसत नसे. तो दिसे फक्त फोटोवाल्याला, आणि फोटोवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या असलेल्या माणसाला. ज्याला सोडायचं त्याच्या वेळी बाबा लाल दिवा लागेपर्यंत मंत्र ओढत. ज्याला धरायचं त्याच्या वेळी आधीच तोडत. आणि कुणाला धरायचं, हे शनिवारी घरोघर चहा पीत फिरणारा बाबाचा चेला हिंडून विचारून आणत असे.

"तू काळजी करू नकोस," हिलाल थकल्या आवाजात म्हणाला. "येत्या रविवारी नवे सेल घालतो. आठ मोजेपर्यंत भरतील. बाबानं मंत्र कितीही तोडला तरी उजेड पडेल. सुटशील तू. कुणाला काही सांगायची गरज नाही."

सुंदरानं मान हलवली. "मंग ते म्हनतीन, बाबानी बाधा काढी. आन मना मांगे दुसरी बाई उभी ऱ्हाई, तिनं काय?"

हिलालला तिचा राग आला. त्याला शांतपणे झोपायचं होतं, फोटो काढायचे होते, कुणाशी वाकडं घ्यायचं नव्हतं. भर सभेत मशीन उघडायचं म्हणजे आपण महिनाभर गप्प राहून बटणं दाबत होतो, हेही उघडं होणार. लोक आपल्याला काय म्हणतील, हे त्याला दिसत होतं. त्या रात्री तो जेवला नाही. बायकोनं काय झालं म्हणून विचारलं, तर "डोकं दुखतंय" म्हणाला. तेही खरंच होतं.

तिसऱ्या रविवारी खात्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पलसाण्याहूनसुद्धा माणसं आली होती. सुंदराचं गाठोडं तिच्या दिरानं दाराशी आणूनच ठेवलं होतं. संध्याकाळच्या गाडीनं तिला नंदुरबारला धाडायचं नक्की झालं होतं.

आधी धुडकू नावाच्या हमालावर उजेड पडला. आरोळी उठली. बाबानं घाई केली. "आव बहेन, आव, तू आव!"

सुंदरा पाटावर चढली. बाबानं तोंड उघडलं, पण मंत्र बाहेर पडायच्या आतच हिलालनं खांदा झटकला, गर्रकन वळून कॅमेरा बाबाच्याच तोंडावर धरला आणि बटण दाबलं.

टक.

दीडशे माणसांनी तो टक ऐकला. उजेड पडला नाही.

"पडला नाही," मागून कुणीतरी घाबरून म्हणालं. "बाबावर पडला नाही!"

बाबाचा चेहरा उतरला. "अरे, ऐसे नहीं... मशीन थक गया है! अभी अभी चलाया ना? थोडी देर लगती है!"

"मशीन थकनं?" पाटावरून सुंदरा म्हणाली. तिचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "मंग मना येळले मागला दोन रविवारबी ते थकेलच व्हतं ना, बाबा? तव्हय माले बाधा का बरं सांगी?"

"श्रद्धा नहीं है तुम लोगों में," असं काहीतरी बाबांनी सुरू केलं, पण हिलालनं त्यांना बोलू दिलं नाही. त्यानं फ्लॅशची पाठ पुढच्या रांगेकडं केली. "हा दिवा बघा. सुंदरा, मोज."

सुंदरा मोजू लागली. एक, दोन, तीन. दहाच्या पुढं पोरांनी सूर धरला, विसाच्या पुढं बायकांनी. फ्लॅशमधून डासासारखी बारीक शिट्टी येत होती. छत्तीसला दिवा लाल झाला. हिलालनं कॅमेरा वळवला, बटण दाबलं. सुंदराच्या अंगावर पांढराशुभ्र उजेड पडला.

मग त्यानं फ्लॅशचं झाकण उघडलं आणि चार सेल तळहातावर काढून दाखवले. "हे माझ्या पत्र्यावर वाळवलेले. तुम्हीही वाळवता. सुकलाल, तुझा ट्रान्झिस्टर अशा सेलांवर किती चालतो?"

"एक गानं," सुकलाल म्हणाला. "दुसऱ्याला आवाज बसतो."

"आवाज बसतो तेव्हा गाणाऱ्याला बाधा झाली म्हणतोस का?"

कुणीतरी फसकन हसलं. हिलालनं खिशातले नवे सेल घातले आणि एकदा बटण दाबून हंडा रिकामा केला. या वेळी मोजणी आठावर संपली. बाबा बसायचे ती सतरंजी कधी रिकामी झाली, ते मोजण्याच्या नादात कुणाच्या लक्षातच आलं नाही. महिन्याभरानं कामरेजकडं कुणी लिंबातून रक्त काढणारा बाबा आल्याचं कानावर आलं. तोच असणार.

लोक उठायला लागले होते, पोरांच्या हट्टापायी हिलाल पुन्हा पुन्हा उजेड पाडून दाखवत होता, तेवढ्यात रंभाबाई पुढं आली. सुंदराला बाजूला सारून ती स्वतःच पाटावर चढली. "मना फोटो काढ, हिलाल. काढ म्हनस ना!"

काय होतंय हे हिलालला कळलं नाही. सवयीनं त्यानं बटण दाबलं. नुकताच उजेड पडून गेलेला. टक झालं, अंधारच राहिला.

रंभाबाई मटकन खाली बसली. "दखा! माले ठाऊक व्हतं. पोरले हगवन लागनी, सुंदरा सांगे दवाखानामा लई जाऊत, मीच नही म्हनं. मीच दोरा बांधी दिन्हा. मीच मारं मी त्याले!" तिनं कपाळ बडवून घेतलं. शोभाबाई भिंतीला टेकून उभी होती, तिनं तोंडात पदर कोंबला.

तिथं एकच बाई अशी होती, जिला आता हवं ते म्हणता आलं असतं. ती सासूपाशी गेली आणि तिचे हात धरले.

"आत्याबाई, उठा," सुंदरा म्हणाली. "आठ मोजा मनासंगे. पाप नही ते, सेल शेतस."

दोघींनी मिळून आठ मोजले. रंभाबाईच्या ओल्या तोंडावर उजेड पडला.

हिलालनं कॅमेरा खाली ठेवला. त्याला भाषण येत नव्हतं. जे आलं ते तो बोलला. "हिच्यावर आता उजेड पडला म्हणून ही सुटली नाही, आणि मघाशी नाही पडला म्हणून गुन्हेगार ठरली नव्हती. यातलं काही मशीनला कळत नाही. मी महिनाभर गप्प बसलो, ती माझी चूक. उद्या कुणी चमत्कार दाखवला तर त्याला म्हणा, आधी उघडून दाखव, दुसऱ्यांदा कर, आम्हाला मोजू दे. नाही म्हणाला तर उठून घरी जा. आणि लेकराला हगवण लागली तर दोरा नका बांधू. दवाखाना चालत जाण्याइतका जवळ आहे."

लोटू पुढं झाला. बायकोकडं बघायची त्याची हिंमत होत नव्हती. तो दाराशी गेला, गाठोडं उचललं आणि घराच्या दिशेनं चालू लागला. आनंदीला कडेवर घेऊन सुंदरा त्याच्या मागं निघाली. तिच्या मागं, शोभाबाईच्या खांद्याचा आधार घेत, रंभाबाई.