घाटातलं पंक्चर

नीलानं नवऱ्याच्या सायकलचं मागचं चाक मांडीवर घेतलं आणि नव्या टायरची कड दोन्ही अंगठ्यांनी रिममध्ये दाबली. टायर कोरा, हट्टी होता. अंगठे लाल झाले, एक नख दुखावलं, तरी तिनं टायर चढवायची पट्टी घालून तो रेटला नाही. पट्टीत ट्यूब चिमटते, आणि यंदा तिला ट्यूबवर साधा ओरखडासुद्धा नको होता.

"अगं, दुकानात टाकायचं ना," नंदकिशोर चहाचा कप घेऊन गॅलरीच्या दारात उभा होता. "आणि एवढे रुंद कशाला? जुने बरे होते. बारीक, कडक. सुर्रकन जायचे."

"बारीक पंक्चर होतात."

"मग ज्यात काही रुतत नाही असे येतात ना, जाडजूड, ते घ्यायचे."

"त्यांचं वजन बघितलंस? घाटात तूच म्हणशील, ट्रॅक्टर ओढतोय म्हणून."

"मग हे काय आहेत?"

"मधले. चढाला पळतील, वळणावर घसरणार नाहीत, आणि आतून पट्टा आहे, तार रुतणार नाही. माझ्या सायकललाही हेच घातलेत."

"बायको असावी तर अशी," म्हणत तो आत गेला. बिचारा! त्याला वाटलं, हे प्रेमानं चाललंय.

प्रेम कसलं डोंबलाचं? सूड होता तो, वर्षभर लोणच्यासारखा मुरवलेला.

बोरिवलीतली त्यांची सायकलवाली मंडळी दर सव्वीस जानेवारीला पहाटे निघतात, दहिसरचा चेकनाका ओलांडून घोडबंदर रस्त्याला लागतात, आणि गायमुखचा घाट आला की शर्यत. बक्षीस वगैरे काही नाही. वरच्या टपरीवर जो पहिला पोचेल त्यानं ऐटीत चहा प्यायचा आणि बाकीच्यांच्या धापा मोजायच्या. नंदकिशोर वर्षानुवर्षं तो पहिला चहा पीत आला होता. नीलाला सायकल त्यानंच शिकवली, तीही चाळिशी उलटल्यावर, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

गेल्या वर्षी मात्र नीला त्याच्या आधी वर पोचली. छाती फुटायची वेळ आली होती, पण पोचली. मागून नंदू सायकल ढकलत आला. मागचं चाक पार बसलेलं. ट्रकच्या फुटक्या टायरांच्या तारा त्या रस्त्याच्या कडेला कायम पडलेल्या असतात, त्यातलीच एखादी रुतली असणार, म्हणाला. तिथल्या तिथे ट्यूब बदलली, जुनी टपरीच्या डब्यात टाकली, आणि घरी येऊन गोष्ट सुरू केली.

आधी गोष्ट साधी होती. "नीला जिंकली हो, पण माझं पंक्चर झालं." गणपतीत ती अशी झाली, "मीच म्हटलं, तू हो पुढे, माझ्यासाठी थांबू नकोस." दिवाळीत तर तो चांगला पुढे होता आणि शेवटच्या वळणावर घात झाला. सासूबाई म्हणाल्या, "नवऱ्यानं वाट दिली म्हणून गं बाई." सगळे हसले. नीला शाळेत गणित शिकवते, पोरांच्या वह्या तपासते, सगळ्यांचे डबे भरते. आयुष्यात स्वतःच्या पायांनी काही जिंकली असेल तर ते तेवढंच, आणि तेही या माणसानं फरसाणासारखं बशीत घालून वाटून टाकलं. तिला इतका राग आला होता की त्या रात्री तिनं लक्ष्मीपूजनाचा प्रसादही त्याच्या हातावर ठेवला नाही, डबाच पुढे सरकवला.

नाचता येईना अंगण वाकडं. मग अंगणच सरळ करून द्यायचं, तिनं ठरवलं. बारीक टायर घातले तर पंक्चरची सबब. जाड घातले तर वजनाची. स्वस्तातले कडक रबराचे घातले तर वळणावर घसरल्याची. तिन्ही सबबी एकदम मरतील असा टायर तिला हवा होता. गोरेगावच्या दुकानदारानं विचारलं, "मॅडम, साहेबांना शर्यत जिंकायचीय का?" ती म्हणाली, "नाही. नीट हरायचंय."

सव्वीस तारखेला घाट लागला तेव्हा नंदू पुढे होता. नीला त्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिली. मधल्या वळणावर त्याचे खांदे हलायला लागले, मान खाली गेली. तिनं बाजूनं सायकल काढली, त्याच्या बरोबरीला आली, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि निघून गेली. मागून हाक आली नाही. शेवटपर्यंत तिनं वळून पाहिलं नाही.

तिचा चहा अर्धा झाला तेव्हा तो आला. चालत. सायकल ढकलत. मागचं चाक बसलेलं.

"वाट लागली यार," तो म्हणाला. "परत तीच तार."

"काय नंदूदा, तुमचं नशीबच खराब," सुशांत म्हणाला. सगळ्या ग्रुपमध्ये हा सुशांत तोंडाचा फाटका. याला कळलं की बोरिवलीला कळलं.

नीलानं कप खाली ठेवला. गुडघ्यावर बसून तिनं टायर सबंध फिरवून पाहिला. हाताला काही लागलं नाही. व्हॉल्व्हपाशी आली आणि थांबली. टोपण गायब होतं आणि टोकाचा बारीक स्क्रू, जो सैल करून दाबला की हवा निघून जाते, वरपर्यंत सैल केलेला होता. काल संध्याकाळी तो तिनं स्वतः घट्ट पिळला होता. तिनं मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. तो दरीकडे बघत होता, जणू काही तिथं सिनेमा लागलाय.

गेल्या वर्षीची ती ट्यूब कुणी पाहिली होती? कुणीच नाही.

"ट्यूब काढू का?" त्यानं घाईनं विचारलं. "मी बदलतो ना, तू चहा घे."

"थांब. आधी हवा भरून बघू."

तिनं स्क्रू न पिळता पंप लावला आणि चाक दगडासारखं कडक केलं. मग स्क्रू बंद केला, सायकल टपरीच्या खांबाला टेकवली, सगळ्यांच्या मधोमध, आणि दुसरा चहा सांगितला.

चहा आला. फुंकर मारून मारून प्याला गेला. कुणी बिस्किटं घेतली. सुशांतनं येता-जाता दोनदा टायर चिमटून पाहिला. तो होता तसाच कडक होता. नंदू दर घोटाला चाकाकडे बघत होता, देवाला नवस बोलल्यासारखा, की बाबा बस आता, बस. कप रिकामे झाले. चाक काही बसलं नाही.

"वहिनी," सुशांत हळूच म्हणाला, "हे पंक्चर नाही वाटत."

"हो का?" नीला म्हणाली आणि हेल्मेट घातलं.

परतीच्या वाटेवर, चेकनाक्याच्या सिग्नलला, नंदू तिच्या शेजारी येऊन थांबला.

"घरी काही बोलू नकोस, प्लीज."

"मी कशाला बोलू? वर्षभर गोष्ट तूच सांगतोयस. यंदाचीही तूच सांग."

पुढच्या रविवारी कांदिवलीला नणंदेकडे तिच्या मुलाचं, निहारचं, घरचं केळवण होतं. लग्नाआधीचं ते जेवण म्हणजे झाडून सगळे नातेवाईक आलेले, सासूबाईंपासून कमी ऐकू येणाऱ्या माणिकआत्यांपर्यंत. पुऱ्या, बासुंदी, वरण-भात. नीला वाढत होती.

"मामा, यंदा काय झालं घाटात?" निहारनं विचारलं. "परत पंक्चर?"

पंगत हसली. नंदूनं नीलाकडे पाहिलं. ती हातात पुऱ्यांची चाळण घेऊन त्याच्या पानासमोर उभी राहिली.

"नीला जिंकली," तो पुटपुटला.

"आणि पंक्चर?" नणंदेनं विचारलं.

"नव्हतं."

"जरा मोठ्यानं सांग," नीला म्हणाली. "आत्यांना ऐकू आलं नाही."

नंदूचे कान लाल झाले. त्यानं घास खाली ठेवला. नीलाला वाटलं, आता हा चिडेल, पान ढकलून उठेल. तो आत्यांकडे वळला आणि ओरडूनच म्हणाला, "आत्या, पंक्चर नव्हतं. हवा मीच सोडली होती. गेल्या वर्षीपण मीच सोडली."

हसू विझलं. सासूबाई लोणचं शोधायला लागल्या. नीलाच्या हातातली चाळण थोडी कलली, एक पुरी जमिनीवर पडली. हे तिनं ओळखलं होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायला मिळेल असं तिला वाटलं नव्हतं.

"म्हणजे दोन्ही वेळा हीच पुढे होती?" माणिकआत्यांनी विचारलं.

"हो."

"मग तसं सांगायचं की रे!"

नीलानं चाळण खाली ठेवली आणि बासुंदीचं पातेलं उचललं. नंदूनं वाटीवर हात आडवा धरला. तिनं तो हात बाजूला केला आणि वाटी काठोकाठ भरली.

"घे पोटभर," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी मुलुंडच्या काकांकडे केळवण आहे."