नुसता वायू

ज्योतीचं टोक फिकट जांभळं होतं, करंगळीच्या पेराएवढं. त्याखाली बोट धरलं तरी पोळत नसे; बारीक वारा लागल्यासारखं वाटे, इतकंच. स्मिताने सवयीने बोट धरून पाहिलं आणि विजेचं बटण बंद केलं. ज्योत गेली. नळीतून अरगॉन वायू मात्र येतच राहिला. त्याच्याखाली तिने पेशींची बशी सरकवली.

असं तिने पूर्वी कधी केलं नव्हतं. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींवर प्लाझ्माची, म्हणजे विजेने चेतवलेल्या वायूची, थंड ज्योत धरायची, आणि तुलनेसाठी ठेवलेल्या बशीला वीजही द्यायची नाही, वायूही नाही, अशी प्रयोगशाळेची रीत होती. अरगॉनचं सिलिंडर कधीच वेळेवर येत नसे, म्हणून सगळे तो जपून वापरत. ज्योतीखालच्या पेशी मरत, बाजूच्या बशीतल्या जगत. निष्कर्ष सरळ वाटत होता. परिषदेत लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. पण गेले काही दिवस तिच्या मनात एक शंका घर करून बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. नुसत्या वायूखालच्या पेशीही मेल्या होत्या. गोल होऊन, तळ सोडून, तरंगत होत्या. काल वरून पुन्हा पोषक द्रव घालण्याआधीच वायूच्या झोताने त्यांच्यावरचा ओलावा उडून गेला होता. त्या वाळून मेल्या होत्या. मग आजवर प्लाझ्माने मारल्या त्या किती, आणि वाऱ्याने सुकवल्या त्या किती?

तेवढ्यात गेटवरून फोन आला. भाऊ आणि वहिनी भेटायला आलेत.

कृष्णात तिचा थोरला भाऊ. साताऱ्याकडून येऊन तुर्भ्याच्या बाजारात पाठीवर गोणी वाहत आलेला. गालाच्या आतली जखम कॅन्सरची असल्याचं निदान होऊन बरेच महिने झाले होते. डॉक्टरांनी तेव्हाच अर्धा जबडा काढायला सांगितलं होतं. तो बाजारात सगळ्यांना सांगत सुटला, की माझी बहीण जांभळ्या उजेडानं कॅन्सर मारती, कापाकापी कशाला? स्मिताने त्याला हो म्हटलं नव्हतं. 'बघू या, दादा,' एवढंच ती म्हणाली होती. त्या 'बघू या'वर तो आजवर थांबला होता. आणि खरं सांगायचं तर, आपल्या कामावर कुणाचा तरी इतका भरवसा आहे, हे तिलाही बरं वाटत होतं.

पाहुण्यांच्या खोलीत तो तोंडावर टॉवेल धरून बसला होता. खोलीत एक कुजका, गोडसर वास होता.

"काय मॅडम, आज तरी मुहूर्त हाय का?" तो हसायला गेला. तोंड बोटभरही उघडत नव्हतं. शब्द दातांमधून गाळल्यासारखे येत होते.

ही ज्योत अजून माणसांवर वापरायची परवानगी नाही, हे तिने पुन्हा समजावलं.

"मग माजी सही घे की. मी काय बहिनीवर केस करनार हाय व्हय?"

डॉक्टरांनी परवा पुन्हा बोलावून घेतलं, अजून थांबलात तर आम्हालाही हात लावता येणार नाही म्हणाले, असं उज्ज्वला वहिनीने खाली बघत सांगितलं. मग मान वर केली.

"वन्सं, माजं ह्ये ऐकत न्हाईत. तुमी न्हाय म्हनल्याबिगर हलायचे न्हाईत."

"दाढ सुजलीया जरा, तर हिचं आपलं कायतरी," कृष्णात म्हणाला आणि त्याने टॉवेल खाली केला.

जबड्याखाली गाठ होती. स्मिताने दोन बोटं ठेवली. गाठ टणक होती, आणि बोटांखाली हलत नव्हती. मागच्या भेटीत ती तिथे नव्हती. गाठीखालची नाडी तिला जाणवत होती, शांत, एकसारखी. कृष्णात डोळे मिटून बसला होता, लहानपणी तापात कपाळावर आईचा हात असल्यासारखा.

प्रयोग पुन्हा करता आला असता. पेशी ओल्या ठेवून, वायू मोजून. कदाचित त्यातून काही खरं हातीही लागलं असतं, दोन-चार वर्षांनी. 'बघू या' अगदी ओठांवर आलं होतं.

तिने हात काढून घेतला.

"दादा, माज्याकडं काय न्हाय," ती म्हणाली. "उद्या ऑपरेशनची तारीख घ्यायची. जबडा जाऊ दे."