उत्तर क्रमांक चार

मिस्त्रीची ख्याती अशी होती, की त्याने कुणाला नुसतं "ठीक आहे" म्हटलं तरी समोरचा त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. मिस्त्री म्हणजे विटा रचणारा नव्हे हां. हा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या गच्चीवर, मशीनच्या खोलीत, कोपरापर्यंत ग्रीस. पण नऊ वर्षांपूर्वी एका शाळेची लिफ्ट दुरुस्त करताना त्याने तिथल्या उपमुख्याध्यापकांना वेळापत्रक लावताना बघितलं. भिंतीएवढा तक्ता, त्यावर रंगीत चिठ्ठ्या, आणि पंखा लावला की अर्ध्या चिठ्ठ्या जमिनीवर. मिस्त्रीला ते बघवेना. घरी आला आणि प्रोग्राम लिहायला बसला. शिक्षक किती, वर्ग किती, विषय कुठले ते भरा, वेळापत्रक तयार.

आणि तो त्याने ओपन सोर्स ठेवला. म्हणजे फुकट तर आहेच, पण उघडासुद्धा. कुणीही आतला कोड वाचावा, चूक सापडली तर दुरुस्त करून "हा बदल घ्या" म्हणून पाठवावा, आणि नाहीच पटलं तर सगळ्याची कॉपी उचलून स्वतःचं वेगळं बिऱ्हाड मांडावं. परवानगी सगळ्याची. बघता बघता शंभरावर शाळा तो वापरायला लागल्या आणि सात-आठ माणसं आपापली नोकरी सांभाळून त्यावर काम करायला लागली. आलेला बदल घ्यायचा की नाही हे ठरवायचे दोघं, मिस्त्री आणि पोस्टमन. पोस्टमन हा खरं तर विमा कचेरीतला माणूस, पण कुणाचीही चिठ्ठी आली की ती सगळ्यांना पुढे पाठवल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही, म्हणून पोस्टमन.

अडचण एकच. मिस्त्रीच्या जिभेला हाड नाही. एकाने तीन शनिवार-रविवार खर्च करून एक बदल पाठवला, तर याने खाली लिहिलं, "हे वाचून माझे डोळे दुखायला लागले. औषधाचं बिल पाठवू का?" तो माणूस गेला. जाताना दोन मित्रांनाही घेऊन गेला.

तेव्हा मात्र पोस्टमनने त्याला फोनवर चांगलंच झापलं. "अरे, पगार देतोस का तू त्यांना? आपण होऊन येतात बिचारे. तू दारातच हातात चप्पल घेऊन उभा!"

"कोड वाईट होता."

"मग कोडला बोल ना! माणसाला कशाला बोलतोस?"

पोस्टमनने बसून नियमांचं एक पान लिहिलं. बोलायचं ते कामाबद्दल, माणसाबद्दल नाही. आणि लेखी वाद पाच उत्तरांच्या पुढे गेला की लिहिणं बंद, फोन करायचा. फोनवर आपलं घोडं पुढे दामटायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि तो "हो, हेच" म्हणेपर्यंत आपलं तोंड उघडायचं नाही. मिस्त्रीने पान वाचलं, मान डोलावली, खाली नाव टाकलं.

आता मनापासून सांगायचं तर त्याला सुधारायचं होतंच. पण गोड कसं लिहितात हेच त्याला माहीत नव्हतं. म्हणून तो ताईकडे गेला. ताई म्हणजे सख्खी मोठी बहीण, वरच्याच मजल्यावर राहणारी, आणि नोकरी एका इस्पितळात, तक्रारीच्या खिडकीवर. बावीस वर्षं लोकांची आरडाओरड ऐकून जिचा आवाज एकदाही चढला नाही, अशी बाई.

"ताई, मला चार गोड वाक्यं सांग."

"कुणासाठी रे? मुलगी बघितलीस की काय?"

"कामासाठी गं."

ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालता घालता तिने सांगितली, याने लिहून घेतली. अकरा झाली. याने कॉम्प्युटरमध्ये एकेका वाक्याला एकेक बटण दिलं. त्यातलं चौथं सगळ्यात गुळगुळीत: "आपण दिलेल्या वेळेबद्दल मनापासून आभार. आपल्या सूचनेची आम्ही नोंद घेतली आहे. सध्या ती आमच्या दिशेशी जुळत नाही. असाच लोभ असावा."

आणि काय सांगू, सगळे खूश! मिस्त्री बदलला, मिस्त्री निवळला. पोस्टमनने तर सगळ्यांना पत्र पाठवून त्याचं जाहीर कौतुक केलं. मिस्त्रीही हरखला. पूर्वी एकेका माणसाशी भांडण्यात तास जायचा, आता एक बटण. नकोसं काही आलं की दाब चार.

सात महिने हे असं चाललं. मग भूगोलबाईंचं पत्र आलं.

भूगोलबाई ही एका शाळेत भूगोल शिकवणारी बाई. या प्रोग्रामला वैतागून वयाच्या पंचेचाळिशीत कोड लिहायला शिकली आणि आता पोस्टमनच्या खालोखाल सगळ्यात जास्त काम तिचंच. तिने एक बदल पाठवला होता, रिकाम्या तासांबद्दल. उत्तर चार. तिने सुधारून पुन्हा पाठवला. उत्तर चार. कारण विचारत तिसऱ्यांदा पाठवला. उत्तर चार, असाच लोभ असावा.

तिने मग सगळ्यांना एकदमच लिहिलं.

"दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींनी मला लिहिलं होतं की दोनशे बाराव्या ओळीत मी गाढवपणा केला आहे. मी दोन दिवस रडले आणि मग ती ओळ बघितली. चूक होती. म्हणजे त्यांनी निदान दोनशे बाराव्या ओळीपर्यंत वाचलं होतं. तसं बोललेलं मला तेव्हाही नको होतं, आजही नको आहे. पण तीन वेळा आभार मानून दार लावून घेणं हा त्याहून मोठा अपमान आहे. शुक्रवारी मी कॉपी घेऊन वेगळी होते आहे. माझ्याबरोबर आणखी चौघं येत आहेत."

आज मंगळवार. काम करणारे एकूण आठ. पाच गेले की राहिले तीन, त्यात एक नवखा. आणि पुढच्या सत्रासाठी नवी आवृत्ती द्यायला जेमतेम महिना. नऊ वर्षांचं काम उभं चिरलं जाणार, हे मिस्त्रीला वाचता वाचताच कळलं.

तो मोबाइल घेऊन तडक वर गेला. "बघ ताई. तुझ्या वाक्यांनी घात केला."

ताईने पत्र वाचलं. मग मोबाइलवरच मागे जाऊन याची ती तीन उत्तरं वाचली. आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरे शहाण्या, ही वाक्यं तू आपल्या माणसांना लिहितोयस?"

"मग? तू गोड सांगितलीस ना!"

"मी ही खिडकीवरून माणूस हलावा म्हणून वापरते! मागे चाळीस जणांची रांग असते, माझ्या हातात काही नसतं, तेव्हा वापरते. याचा अर्थच 'आता निघा' असा होतो. तुझ्या मागे कुठे रांग आहे?"

मिस्त्रीने मोबाइल परत घेतला.

"काय लिहिलं होतं तिने?"

"रिकाम्या तासांबद्दल काहीतरी."

"काहीतरी?" ताईने त्याच्याकडे असं बघितलं की तो जिना उतरून खाली आला.

बुधवारी पोस्टमनने दोघांची वेळ जुळवली. मिस्त्रीची जेवणाची सुट्टी, बाईंचा मोकळा तास. मिस्त्री एका बारा मजली इमारतीच्या मशीनखोलीत उलट्या बादलीवर बसला, डबा बाजूला, मांडीवर लॅपटॉप. लिफ्ट खाली बंद करून ठेवलेली. पलीकडून शिक्षकखोलीचा गलका ऐकू येत होता.

"बोला मिस्त्री," बाई म्हणाल्या. आवाज कोरडा. "नियम तुम्हाला माहीत आहे."

मिस्त्रीने घसा साफ केला. "तुमचं म्हणणं असं, की शिक्षकांना मधेमधे रिकामे तास नकोत."

"नाही."

"बरं. म्हणजे अर्धवेळ येणाऱ्यांना तरी नकोत."

"नाही."

"मग... रिकामे तास सगळ्यांना सारखे वाटा."

"मिस्त्री, तुम्ही अंदाजे बाण मारताय. वाचलंत का?"

जिन्यातून रखवालदाराने हाक मारली. "ओ मिस्त्री! सातव्या मजल्यावरच्या आजी विचारतायत, लिफ्ट आज चालू होणार की पुढच्या जन्मी?"

"दहा मिनिटं!" मिस्त्री ओरडला. मग फोनमध्ये म्हणाला, "नाही वाचलं."

"तीनदा?"

"तीनदाही. वरचं शीर्षक वाचलं. रिकाम्या तासांची रड नऊ वर्षं ऐकतोय, म्हटलं तेच असणार."

आता बाई फोन ठेवणार, मिस्त्रीला वाटलं.

"माझ्याकडे पस्तीस मिनिटं आहेत," बाई म्हणाल्या. "वाचा. मोठ्याने."

म्हणून मिस्त्रीने त्या ग्रीसच्या वासात बसून एकेक ओळ मोठ्याने वाचली. मध्येच थांबून विचारायचा, हे इथे का? बाई सांगायच्या. एका ठिकाणी त्याच्या तोंडात आलंच होतं काहीतरी, ते त्याने गिळलं आणि म्हणाला, "ही गोष्ट तुम्ही दोन ठिकाणी वेगवेगळी लिहिलीय. एक बदलली तर दुसरी फसेल."

"अरेच्चा," बाई म्हणाल्या. "हे खरंय. थांबा, लिहून घेते."

शेवटपर्यंत पोचल्यावर तो म्हणाला, "तुमचं म्हणणं असं, की रिकामा तास चांगला की वाईट हे प्रोग्रामने ठरवूच नये. आधी ज्याचं त्याला विचारावं. एखादीला घरी जाऊन तान्ह्या मुलाला बघायला मधला तास हवा असेल, दुसऱ्याला सगळे तास सलग उरकून दुसरी नोकरी गाठायची असेल. आणि सांगितलेलं प्रोग्रामने मोडायचं नाही."

"हो," बाई म्हणाल्या. "हेच."

"आता माझं—"

"थांबा की. आता माझी पाळी. तुम्हाला हे नको, कारण प्रोग्राम हळू चालेल."

"नाही."

"कारण तो तुमचा आहे आणि बदल दुसऱ्याने सुचवलाय."

"नाही हो!" मिस्त्री चिडलाच, पण मग हसला. "तेही थोडं असेल. पण ते कारण नाही."

"मग सांगा ना. कधी सांगितलंच नाहीत तुम्ही."

ते खरंच होतं. त्याने ते पोस्टमनलाही कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. पहिल्याच वर्षी एका शाळेने लोकांच्या इतक्या अटी भरल्या, की प्रोग्राम "जमत नाही" म्हणून थांबला. सत्राचा पहिला दिवस, हातात वेळापत्रक नाही, चारशे मुलं सभागृहात बसवून ठेवलेली आणि उपमुख्याध्यापक फोनवर रडकुंडीला आलेले. तेव्हा त्याने ठरवलं होतं, की वाकडंतिकडं का होईना, पण वेळापत्रक निघालंच पाहिजे.

"म्हणजे तुमचं म्हणणं," बाई सावकाश म्हणाल्या, "सगळ्यांचं ऐकायला जाऊन कुणाच्याच हाती काही पडलं नाही, असं व्हायला नको."

"हो. हेच."

"मग निघू दे ना वेळापत्रक. खाली नावं द्या, की या या माणसांचं जमलं नाही. मुख्याध्यापकांनी मग त्यांच्याशी जाऊन बोलावं."

"भांडणं लागतील शाळेत."

"भांडणं आत्ताही आहेत, मिस्त्री. तुमच्या प्रोग्रामला ती ऐकू येत नाहीत, एवढंच." तेवढ्यात तिकडे घंटा वाजली. "वर्ग आहे. शुक्रवारचं मी अजून काही बदललेलं नाही हां." आणि फोन बंद.

मिस्त्रीने लिफ्ट चालू केली. डबा तसाच राहिला.

त्या संध्याकाळी त्याने अकराच्या अकरा बटणं काढून टाकली आणि सगळ्यांना लिहिलं. त्याला लिहायला दीड तास लागला आणि पत्र झालं सहा ओळींचं. "भूगोलबाईंचा बदल मी तीन वेळा न वाचता नाकारला. फक्त शीर्षक वाचलं होतं. गेल्या सात महिन्यांत उत्तर चार ज्यांना ज्यांना मिळालं, त्यांचंही मी वाचलं नव्हतं. अशा एकोणतीस गोष्टी आहेत. त्या पुन्हा उघडतो आहे, एकेक वाचून कळवतो. नाही म्हणायचं असेल तर का, तेही लिहीन."

पोस्टमनचा फोन आला. "एकोणतीस? आणि मी तुझं कौतुक केलं होतं रे सगळ्यांसमोर!"

"तेही सगळ्यांना पाठवलं होतंस."

"गप बस."

शुक्रवारी दुपारपर्यंत काहीच आलं नाही. मिस्त्री दर दहा मिनिटांनी हात पुसून मोबाइल बघत होता. साडेचारला बाईंचं आलं. "मी थांबते आहे. नावांची यादी वेळापत्रकाच्या खाली नको, वर हवी. खाली कुणी वाचत नाही. त्यावर आपलं जमेल असं वाटत नाही, सोमवारी बोलू."

चौघांपैकी दोघं तिच्याबरोबर थांबले. दोघं गेले. त्यांनी लिहिलं, की प्रश्न एका बदलाचा नव्हता, सात महिने आपण एका बटणाशी बोलत होतो हे आता कळलंय आणि ते काही विसरता येत नाही. शांतपणे लिहिलं होतं, एकही वाकडा शब्द नव्हता. त्यांनी कॉपी घेतली आणि आपलं वेगळं सुरू केलं.

यादी शेवटी वरच गेली, पण त्यासाठी तीन सोमवार लागले. एकोणतीसपैकी सहा बदल मिस्त्रीने घेतले, तेवीस नाकारले. नाकारलेल्यांपैकी दोघं पुन्हा भांडायला आले आणि त्यातला एक आता कायमचा काम करतो.

आणि जे दोघं वेगळे झाले, त्यांची कॉपी आज नऊ शाळा वापरतात. मिस्त्री ती उघडून वाचतो. परवा त्याला तिच्यात एक चूक सापडली, शनिवारच्या अर्ध्या दिवसात दोन वर्ग एकाच खोलीत पडत होते. त्याने दुरुस्ती केली, ती का केली ते आठ ओळींत लिहिलं, तीनदा वाचून बघितलं आणि त्यांच्याकडे पाठवून दिली.

अजून त्यांचं उत्तर आलेलं नाही.