देव नव्हे, पुराचा गाळ

मी गाळाचा दगड बोलतोय. अंगाला शेंदूर आहे म्हणून लगेच हात जोडायची घाई करू नका. कुरुळीच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या वळणावर, खोलगट जागेत कमरेइतका वर आलेला मी एक दगड. गाव मला म्हसोबा म्हणतं. गावाला म्हणू दे. मी म्हणत नाही.

इथे चोहीकडे काळे पाषाण. आगीतून जन्मले म्हणून काय तो तोरा! एकदा चिमाजी पाथरवट आला, हातोडीने माझ्यावर टकटक केलं आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "ह्यो कसला दगड? वाळल्यालं ढेकूळ हाय!" ढेकूळ तर ढेकूळ. मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. त्या काळ्यांना फोडलं तर आतून काळेच निघतात. माझ्या पोटात काय काय आहे ते ऐका.

त्याच काळ्या डोंगरांचा उन्हापावसाने भुगा झाला. पुराने तो उचलला आणि ह्या वळणावर पाण्याचा जोर ओसरला तसा खाली टाकला. आधी जड गोटे बसले, त्यावर वाळू, सगळ्यात शेवटी पिठासारखा चिखल. पुन्हा पूर आला, पुन्हा तेच. वरचा भार वाढत गेला, खाली मी चेपत गेलो. चुन्याचं पाणी झिरपत राहिलं आणि कणाला कण चिकटला. किती हजार वर्षं लागली म्हणाल, तर मोजायला तेव्हा इथे माणूस नव्हता. माझ्या एका थरात गोगलगाईचे शंख आहेत, एकात हरणाचा खूर उमटलाय, आणि एक चिखल तर उन्हाने तडकला तो अजून तसाच आहे. खाली गोटे, मधे वाळू, वर चिखल अशी एकेक पट्टी, आणि अशा तीन पट्ट्या माझ्या अंगावर दिसतात. तीन पट्ट्या म्हणजे तीन पूर. यात न समजण्यासारखं काय आहे, सांगा!

मी घट्ट झाल्यावर कितीतरी काळाने चौथा मोठा पूर आला. तोवर ह्या खोलगटात कुंभारांची चार घरं उभी राहिली होती. मी त्यांच्या अंगणाकडेला मातीत पुरलेला होतो. भर दुपारी ओढा चढला. घरं गेली, मडकी भाजायचा आवा गेला, माणसं गेली. एक बाई काखेत लेकरू घेऊन वरच्या माळावर पोचली, तेवढीच वाचली. पाण्याने काठ कापला तसा मी उघडा पडलो, आणि ओसरताना पाण्याने घरांच्या जागेवर गोटे, वाळू, चिखल अंथरला.

दुसऱ्या दिवशी गाव खाली बघायला आलं. चिखलात मी एकटा उभा! "देव प्रकटला! देवानं पूर अडवला!" अहो, अडवला? चार घरं वाहून गेली ना तुमच्या डोळ्यांदेखत! पण कोण ऐकतं? कुणीतरी शेंदूर आणला. पुढे दोन-तीन पिढ्यांत गाव पूर विसरलं, आणि देव तेवढा लक्षात ठेवला.

सन छप्पन्न साली पिंपरीच्या माळावर कारखान्यांची बांधकामं जोरात निघाली. विटा पुरेनाशा झाल्या. एका ठेकेदाराला वीटभट्टीसाठी कुरुळीचा वरचा माळ आवडला, कारण तो रस्त्याला लागून होता, ट्रक थेट उभा राहायचा. त्याच माळावर गवराबाई कुंभारणीचं घर होतं. नवरा गेनू दापोडीच्या वर्कशॉपात, आठवड्याला घरी यायचा. एरवी घरात ती आणि दोन लहान लेकी.

ते घर तिथून हलवायचं म्हणून बबनराव पाटलांनी तिला माझ्यासमोर आणून जागा दाखवली. "गवरे, हितं घर बांध. माती पायाशी, पानी पायाशी. आनि पुराचं म्हनशील, तर म्हसोबा बसलाय. त्यो पूर येऊ देत न्हाई."

बरोबरच्या चार जणांनी माना डोलावल्या. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. ज्याच्या अंगावर तीन पूर दिसतायत, त्यालाच पुराचा राखणदार केला की हो! त्या दोन पोरी माझ्या भरवशावर इथे झोपणार होत्या.

दोन दिवसांनी गवराबाई एकटीच आली. कोंडीराम गुरव शेंदूर लावतो तो समोरून, माझी पाठ उघडीच असते. तिने पाठीवरून हात फिरवला आणि तिचं बोट थांबलं. कुंभारीणच ती! रोज हौदात माती कालवायची, ढवळायची, निवळायला सोडायची. खडे तळाला, वाळू मधे, लोण्यासारखी माती वर.

"अगं बया," ती पुटपुटली, "ह्यो तर हौदातला गाळ हाय!" मग तिने मोजलं. एक, दोन, तीन. ओढ्याकडे बघून म्हणाली, "तीनदा आलायस व्हय रं मुडद्या?"

चारदा, बाई, चारदा! मी जीव तोडून ओरडलो. पण दगडाचा आवाज कुणाच्या कानात शिरतो?

तिने पाटलांना पट्ट्या दाखवल्या. पाटील हसले. "त्ये लई जुनं आसंल. तवा देव न्हवता हितं." देव नव्हता म्हणे, आणि पट्ट्या त्या देवाच्याच पाठीवर! आणि अलीकडचा गाळ खणून दाखवायचा म्हटलं तर म्हसोबाच्या पायाशी कुदळ मारायची नाही, असा गावाचा दंडक.

गवराबाई घरी गेली. सोमवारी परत आली ती हळद-कुंकू, पाटी आणि कुदळ घेऊनच. पाटील, कोंडीराम, ठेकेदार, सगळ्यांना तिने बोलावलं होतं.

"पाटील, जागा घेती मी. पन आमच्या घरची रीत हाय. नव्या जागंत पयली पाटी देवापाशी भरायची आनि त्या मातीचा दिवा देवाला लावायचा."

पाटील खूश झाले. "भर की मग! देवाच्याच कामाला कोन न्हाई म्हनंल?"

तिने कुदळ मारली. पाटी भरली, तिने ओतून दिली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली.

"आगं, झाली की पाटी!"

"वाळू लागली, पाटील. दिव्याला लोन्यावानी माती लागती."

वाळूखाली गोटे लागले. ती खणतच राहिली. खड्डा गुडघ्याइतका झाला, मांडीइतका झाला. गोट्यांच्या खाली राख निघाली आणि राखेत मडक्याचा एक गळा. गवराबाईने पदराने तो पुसला. काठावर नखाने दाबलेल्या तीन खुणा होत्या. 

"ही आमच्या घरची खून हाय," ती म्हणाली. "मला सासूनं शिकिवली. तिला तिच्या सासूनं."

 तिने हातानेच राख उकरली. एक बोळकं निघालं, अंगठ्याएवढं. कुठल्याशा पोरीच्या भातुकलीतलं. ते तळहातावर घेऊन ती पाटलांसमोर उभी राहिली.

"आता ह्या देवाम्होरं सांगा, पाटील. माज्या लेकी हितं निजवू?"

 म्हातारा कोंडीराम काठी टेकत पुढे आला. "बास करा, पाटील. माजी आजी सांगायची, खाली कुंभारवाडा हुता म्हून. आमी तिला येडी म्हनायचो." त्याचे डोळे भरून आले होते.

पाटलांनी ते बोळकं हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मग ठेकेदाराकडे वळून म्हणाले, "भट्टी हितं खाली लावा, उन्हाळ्यापुरती. पावसाळ्यात एक मानूस हितं निजता कामा न्हाई. गवराबाई हाय तितंच ऱ्हाईल."

ठेकेदार रस्त्याचं कारण सांगत बसला. पाटलांनी त्याला झापलं. गवराबाई मात्र कुणाचे आभार मानत बसली नाही. कुदळ खांद्यावर टाकून चालू लागली. मला इतका आनंद झाला की काय सांगू! असं खमकं माणूस हजारो वर्षांत मी पाहिलं नव्हतं.

पुढे अठ्ठावन्न साली ओढा चढला. पाणी माझ्या डोक्यावरून गेलं. ठेकेदाराच्या उरलेल्या कच्च्या विटा विरघळल्या, आणि पाणी ओसरलं तेव्हा त्यांचा तांबडा चिखल माझ्या पायाशी बसला. गाव पुन्हा खाली आलं आणि पुन्हा माझ्यापुढे नारळ फोडू लागलं. म्हणे, देवाने वाचवलं!

मी कुणाला वाचवलं नाही, लोकहो. माझ्याजवळ आहे तो फक्त गाळ. पण त्या गाळाला खोटं बोलता येत नाही, म्हणून मला नवस बोलू नका, मला उकरून विचारा. माझ्या पायाशी आता पाचवा थर बसलाय. खुशाल खणून बघा. त्यात विटांचा चिखल सापडेल, झाडांच्या मुळ्या सापडतील. माणूस एकही सापडणार नाही.